मिठाचा मान

आमच्या घरात स्वयंपाकाचं कौतुक करायची एकच रीत होती. माझे सासरे, आबा, जेवायला बसायचे, पहिला घास घ्यायचे आणि ताटावरची नजर न उचलता म्हणायचे, "मीठ बरोबर आहे." बस्स. चाळीस वर्षांच्या संसारात यापलीकडे त्यांनी माझ्या सासूबाईंच्या, म्हणजे आईंच्या, स्वयंपाकाबद्दल चकार शब्द काढला नव्हता, बरा नाही की वाईट नाही.

पण त्या वाक्याला वजन होतं, कारण आई कधीच चाखून बघत नसत. देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय अन्न उष्टवायचं नाही, हा त्यांचा नेम. मीठ घालायचं ते हाताच्या अंदाजाने आणि वाफेच्या वासावर. नैवेद्य झाला की पहिलं ताट आबांचं. म्हणजे मीठ जमलं की फसलं, हे आईंना कळायचं ते आबांच्या तोंडूनच. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, काय हा रुक्ष माणूस! मग एकदा आबांनी ते वाक्य म्हटलं तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या आईंचे खांदे कसे सैल झाले ते मी पाहिलं, आणि माझं मत गिळून टाकलं.

घरात जो नेम, तोच गावात. आमच्या नांदवळीत माघात सप्ताह बसतो. सात दिवस दोन्ही वेळ अख्खं गाव देवळाच्या मांडवात जेवतं. कढयांवर राबायला पन्नास हात असतात, पण आमटीत आणि भाजीत मीठ घालायचा मान एकट्या द्वारकाकाकूंचा, म्हणजे आमच्या आईंचा. त्यांच्याआधी तो त्यांच्या सासूचा होता. आई पदर खोचून पुढे येतात, सगळे बाजूला सरतात, आणि त्या ओंजळीने मीठ सोडतात. तिथेही चाखायची सोय नाही, कारण पहिला घास देवाचा. आणि आई एकदाही चुकल्या नव्हत्या. "काकूंचा हात म्हंजी तराजू," असं गाव म्हणायचं. आई ते ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या आणि दुसऱ्या दिवशी शेजारणीला मुद्दाम सांगायच्या, "लोक आपलं उगं कायबाय बोलत्यात."

आबांना अर्धांगाचा झटका आला तो अशाच एका सप्ताहात, काल्याच्या आदल्या दिवशी. वेळेवर दवाखाना गाठला म्हणून जीव वाचला. उजवा हात हळूहळू परत आला, बोलणं जड झालं ते झालंच. आरोग्य केंद्राच्या डॉक्टर तांबोळी स्पष्टवक्त्या बाई. त्यांनी आईंना समोर बसवून सांगितलं, "काकू, गोळ्या मी देते. मीठ तुम्ही कमी करा. अर्धी लढाई तुमच्या हातात आहे."

आईंनी शब्द पाळला. आबांचं वेगळं पातेलं चढू लागलं, अळणी. आबा मुकाट जेवू लागले. तक्रार नाही, पण ते वाक्यही नाही. तरी पहिल्या घासाला आई दारात येऊन उभ्या राहायच्याच. हाताला लागलेली सवय एकवेळ सुटते, कानाची सुटत नाही. मला ते बघवत नसे.

मी पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत, शरीरावर घालायच्या उपकरणांवर काम करत होते. आबांच्या आजारपणात मी आणि माझा नवरा धैर्यशील गावी परतलो आणि माझं काम माजघरातल्या टेबलावर आलं. अंगठी जन्मली ती तिथे.

कल्पना तशी सोपी होती. आपण खातो त्यातलं बरंचसं मीठ जिभेला भेटतच नाही. ते भाताच्या, डाळीच्या कणांत अडकून तसंच पोटात उतरतं. जिभेला थोडंच कळतं, रक्ताला मात्र सगळं सोसावं लागतं. रक्तात मीठ वाढलं की शरीर पाणी धरून ठेवतं, रक्ताचा भार वाढतो आणि हृदयाला तोच भार दिवसरात्र ढकलावा लागतो. रक्तवाहिन्या मुळात रबरासारख्या लवचिक असतात. वर्षानुवर्षं ताणून त्या टणक होतात, आणि मग एखाद्या दिवशी मेंदूतली नाहीतर हृदयातली एखादी हार मानते.

मिठातल्या सोडियमच्या कणांवर विजेचा भार असतो. म्हणून अगदी क्षीण, मुंगीलाही कळणार नाही असा प्रवाह घासातून जिभेकडे सोडला, तर हे कण घासातून सुटून थेट जिभेवर गोळा होतात. परदेशात असे चमचे आधीच निघाले होते. पण आबांच्या हातात चमचा द्यायचा म्हणजे त्यांना दवाखान्यात असल्यासारखं वाटणार. आपण जेवतो हाताने. मग मी प्रवाह बोटातूनच सोडला. अंगठीतून बोटात, बोटातून घासात, घास तोंडात सोडताना बोट जिभेला टेकतं त्या क्षणी जिभेत, आणि शरीरातून फिरून मनगटाच्या पट्ट्यात. मीठ निम्म्याच्या जरासं वर घातलं तरी चव पुरेपूर. शिवाय पट्टा रक्तदाबही मोजायचा. हृदयाच्या ठोक्याची लाट मनगटापर्यंत किती वेगाने पोचते ते तो बघायचा. वाहिनी जितकी ताठ, तितकी लाट वेगवान.

पहिली अंगठी आबांच्या बोटात घातली तेव्हा आईंनी त्यांच्या वरणात मोजकी चिमूट घातली होती. आबांनी घास घेतला. थांबले. दुसरा घेतला. मग जड जिभेने म्हणाले, "मीठ... बरोबर आहे."

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. अभिमानाने ऊर भरून आला, खोटं कशाला बोलू! मी वळून आईंकडे बघितलं, तर दारात कुणी नव्हतं. त्या आत चुलीशी पाठ करून बसल्या होत्या.

"आई, ऐकलंत ना?"

"ऐकलं की." त्यांनी तवा घासायला घेतला. "माझ्या मिठाला न्हाई म्हणाले ते. तुझ्या अंगठीला म्हणाले."

माझा अभिमान तिथल्या तिथे अर्धा झाला.

अंगठी मात्र गावात वणव्यासारखी पसरली. माझ्या कंपनीने त्या बनवल्या आणि आरोग्य केंद्राने आधी पट्टे वाटले, चाळिशीपुढच्या सगळ्यांना, आणि ज्यांचा दाब चढा त्यांना अंगठ्या. पारावरची म्हातारी मंडळी एकमेकांच्या अंगठ्या बघत बसायची. "जावयानं पण न्हाई घातली, सरकारनं घातली," असं म्हणून हसायची. फक्त छातीत पेसमेकर बसवलेल्यांना अंगठी देता येत नव्हती, विजेच्या प्रवाहाची जोखीम नको म्हणून. त्यात सप्ताह कमिटीचे अध्यक्ष रंगनाथअण्णा होते. अण्णा मला भेटले की म्हणायचे, "सूनबाई, समद्यांचं लगीन लावलंस, आमीच तेवढं बिनलग्नाचं ऱ्हायलो."

आईंनी पट्टा घातला, अंगठी नाही. "माझ्या जिभेला काय धाड भरलीया?"

मग माघ आला, सप्ताह झाला. त्या वर्षी आबा अजून घरीच जेवत होते. सप्ताह उठल्यावर डॉक्टर तांबोळींनी मला बोलावून घेतलं आणि पडद्यावर एक रेघ दाखवली. अख्ख्या गावाच्या रक्तदाबाची, नावं वगळून केलेली सरासरी. आधीचे सगळे महिने रेघ नदीकाठच्या रानासारखी सपाट होती, आणि माघात मध्येच एक डोंगर उठला होता. पहिल्या दिवसापासून चढण, पाचव्या-सहाव्या दिवशी माथा, मग उतार.

"या माथ्यावर गावातली तीन माणसं साताऱ्याला हलवावी लागली," डॉक्टर म्हणाल्या. "दोघांच्या छातीत पाणी झालं, एकाचं हृदय थकलं. मी दरवर्षी म्हणायचे, माघात रुग्ण वाढतात, थंडी असेल. थंडी नाही गं केतकी. पंगत आहे ती."

अंगठीचं एक गणित माझ्या लक्षात आलंच नव्हतं. अंगठी मीठ वाढवत नाही, कमी मिठाला चव देते. पण आमटी आधीच पुरेपूर खारी असली तर अंगठी बिचारी काय करणार? लोकांनी सप्ताहात ती काढून ठेवली आणि मीठ पोटभर खाल्लं. सात दिवस, दोन वेळ.

म्हणजे त्या डोंगराखाली माझ्या सासूबाईंची ओंजळ होती. आणि हे त्यांना सांगायचं होतं मला.

दोन दिवस मी टाळलं. तिसऱ्या दिवशी त्या वाल सोलत बसल्या होत्या तेव्हा शेजारी बसले आणि फोनवर ती रेघ दाखवली. जमेल तितकं मऊ करून सांगितलं. जागरण असतं, गोळ्या चुकतात, गोडधोड होतं, एकट्या मिठाचा दोष नाही...

"समजूत घालू नगं," आई म्हणाल्या. त्या रेघेच्या माथ्याकडे बघत होत्या. "ह्यो कंचा दिस?"

"सहावा."

"काल्याच्या आदला."

"हो."

वालाचा दाणा त्यांच्या बोटांत तसाच राहिला. आबांना झटका आला तो दिवस त्या मनात मोजत होत्या, हे मला उशिरा कळलं.

"म्हंजी यास्नी मीच..."

"आई, तसं नका म्हणू. तुम्हाला माहीत नव्हतं. कुणालाच नव्हतं."

आईंनी डोळे पुसले, दाणा सुपात टाकला, पुढची शेंग उचलली. मग एकदम ताठ बसल्या.

"मान घ्येतला तवा मी म्हणाले न्हाई की मला कळत न्हाई म्हणून. आता दोष घ्यायला का मागं सरू? पुढच्या सप्त्याला मीठ कमी पडंल. माझ्याच हातानं."

"लोक म्हणतील काकूंचा हात गेला."

"म्हणू देत. हात माझा हाय. गेला तर मला सांगून जाईल."

त्या दिवशी मला माझ्या सासूचा इतका अभिमान वाटला की अंगठीचा त्याच्या पासंगालाही पुरला नसता.

पण बोलणं सोपं होतं. एवढं मीठ काढायचं तर चव कशी राखायची? पुढचे महिने आमचं स्वयंपाकघर म्हणजे प्रयोगशाळाच झालं. मी आमटीत मीटर बुडवून सोडियम मोजायची, अर्थात नैवेद्यानंतर, नाहीतर मीटरने अन्न उष्टावलं म्हणून मला बोलणी बसली असती. आई मसाला बदलायच्या. खोबरं जास्त खरपूस भाजून बघितलं. तीळ आले. आमसूल वाढलं, कारण आंबट असलं की जिभेला खारटाची उणीव कमी जाणवते. हे मला शोधनिबंधातून ठाऊक होतं, आईंना कैरीच्या डाळीवरून. एकदा आमसूल इतकं झालं की धैर्यशीलने डोळे मिटून घेतले. "आई, ह्यानं पितळेची भांडी घास."

एका मर्यादेपर्यंत सगळं झाकलं गेलं. त्याखाली गेलं की अंगठीशिवाय कमतरता कळायचीच. तेवढी उणीव उरलीच आणि आईंनी ती तशीच पत्करली.

कमिटीच्या बैठकीत आईंनी स्वतःच विषय काढला. रंगनाथअण्णांची भुवई चढली.

"काकू, देवाच्या आमटीत डाक्टरकी कशापायी? अंगठीवाल्यांचं बरं हाय, त्यांना कायबी ग्वाड लागंल. माझ्यासारख्यानं काय अळणी गिळायचं?"

"अण्णा, तुमच्याचपायी करतीया. अंगठी तुमाला चालत न्हाई. मग तुमी कुणाच्या भरवशावर? माझ्याच की."

"आनि पंगत उठली म्हंजी? शंभर वर्सांत या मांडवात कुणी ताट सारलं न्हाई." अण्णा आवाज चढवत नव्हते, म्हणून जास्त टोचलं. "सांगून ठिवतो. पहिल्या पंगतीत लोकांनी ताट सारलं, तर मिठाचा मान दुसऱ्या घरात जाईल. कमिटीला दुसरा विलाज न्हाई."

सगळे आईंकडे बघू लागले. सासूकडून आलेला मान, पुढे माझ्याकडे येणारा.

"चालंल," आई म्हणाल्या.

माघात सप्ताह बसला. पहिल्या दिवशी आई कढईपाशी गेल्या, पदर खोचला, ओंजळ भरली. आणि मग सगळ्यांच्या देखत ओंजळीतलं बरंचसं मीठ परत परातीत सोडलं. उरलेलं आमटीत गेलं. कुणीतरी "आवं काकू..." म्हणालं.

नैवेद्य झाला, आरती झाली, पहिली पंगत बसली. आबा झटक्यानंतर पहिल्यांदाच मांडवात जेवायला आले होते, पांढरा सदरा घालून. समोरच्या रांगेत रंगनाथअण्णा. वाढपी फिरले. देवाचं नाव घेऊन लोक जेवायला हात लावणार, तेवढ्यात आई मांडवाच्या मधोमध येऊन उभ्या राहिल्या. हातात आमटीचा ओगराळा तसाच होता.

"ऐका समदी. यंदा आमटीत मीठ कमी हाय. चुकलं न्हाई, मी मुद्दाम घातलं न्हाई. गेली तीस वर्सं जास्त पडलं, ते मला ठावं नव्हतं. आता ठावं झालं. ज्याला नाव ठिवायचं त्यानं मला ठिवावं, देवाच्या अन्नाला न्हाई."

आईंनी गावासमोर भाषण केलेलं मी कधी ऐकलं नव्हतं.

लोकांनी पहिला घास घेतला. यंदा अंगठी न काढता बसलेले जेवू लागले. बाकीच्यांचे हात मध्येच थबकले. एकमेकांकडे बघणं सुरू झालं. मांडवभर ती शांतता पसरली जी स्वयंपाक करणारीच्या वैऱ्यालाही मिळू नये. रंगनाथअण्णांनी घास चावला, गिळला, पानाकडे बघितलं. मग मिठाचं भांडं मागवायला त्यांचा हात वर जाऊ लागला. अण्णांचा हात वर गेला की पन्नास हात वर जाणार आणि आईंचा मान तिथेच संपणार, हे मांडवात सगळ्यांना कळत होतं.

पुढचे सहा दिवस काय झालं ते आधीच सांगून टाकते, नाहीतर शेवटी ते सांगायला मला सवड होणार नाही. रेघ वर चढली, पण डोंगर झाला नाही, टेकाड झालं. साताऱ्याला कुणाला हलवावं लागलं नाही. डॉक्टर तांबोळी काल्याच्या दिवशी स्वतः पंगतीला बसल्या आणि दोनदा आमटी मागून घेतली. शेजारच्या तीन गावांनी पुढल्या वर्षासाठी आईंना बोलावलं. माझ्या कंपनीने हे सगळं अंगठीचं यश म्हणून मांडलं तेव्हा मी तो अहवाल परत पाठवला आणि त्यात एक नाव घालायला लावलं. पण हे सगळं नंतरचं.

त्या वेळी अण्णांचा हात वर जात होता. आणि तेवढ्यात आबा बोलले. अर्धांगानंतर त्यांचा आवाज घराबाहेर कुणी ऐकला नव्हता. त्यांनी नजर पानावरून उचलली, थेट आईंकडे बघितलं आणि एकेक शब्द पायरी चढल्यासारखा म्हणाले.

"मीठ... बरोबर... आहे."

मांडवातल्या शेवटच्या पानापर्यंत ते पोचलं.

मला आधी वाटलं, अंगठीची कृपा. सवयीने मी फोन बघितला. आबांच्या नावापुढे अंगठी बंद दाखवत होती. त्यांच्या उजव्या हाताकडे बघितलं. बोट मोकळं होतं. सदऱ्याच्या खिशात काहीतरी गोल उठून दिसत होतं. मीटरही बुडवून बघायची गरज नव्हती. त्या आमटीत अंगठीशिवाय मीठ बरोबर नव्हतंच. चाळीस वर्षांत एकदाही मिठाबाबत खोटं न बोललेला माणूस आज भर पंगतीत खोटं बोलला होता, आणि पुन्हा घास घेत होता.

आईंनीही त्या बोटाकडे बघितलं. त्या त्यांच्या पानापाशी जाऊन वाकल्या. मी जवळच होते म्हणून ऐकू आलं.

"अंगठी कुठाय?"

"खिशात."

"मग खोटं बोलताय."

आबा जे अर्धं तोंड हसू शकत होतं तेवढ्याने हसले.

समोर रंगनाथअण्णांचा हात हवेत होता. त्यांनी तो डोक्यामागे नेला, टोपी नीट केली, खाली घेतला आणि दुसरा घास घेतला. "आमसूल झ्याक पडलंय," ते कुणालाही उद्देशून नसल्यासारखं म्हणाले. शेजारच्याने मान डोलावली. हळूहळू मांडवात भुरके ऐकू येऊ लागले.

आई सरळ झाल्या. त्यांचे डोळे भरले होते, पण आवाज असा लागला की देवळाच्या ओट्यावरची कबुतरं उडाली.

"आरं वाढप्या, हिकडं बघ! आमच्या आबांना आमटी वाढ. मीठ बरोबर हाय म्हणत्यात."